घोडी थांबते ते दार

गुलाबतात्यांनी आमच्या घोडीचा तोबरा स्वतःच्या हातांनी धुतला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

गजरा अंगणात पडली होती. पाय ताठ, पोट टम्म फुगलेलं, तोंडाशी फेस. घोड्याच्या पोटात कळ आली की त्याला बसू द्यायचं नाही, चालतं ठेवायचं, ही आमच्या घरातली पहिली शिकवण. म्हणून उजाडल्यापासून आबा तिचा कासरा धरून अंगणात फेऱ्या घालत होते. शेवटी तीच त्यांच्या अंगावर रेलली आणि खाली गेली. जनावरांचे डॉक्टर तालुक्याहून येईपर्यंत सगळं संपलं होतं. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बायाबापड्या डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या, कारण गजरा नुसती आमची घोडी नव्हती, ती खंडोबाची घोडी होती. आम्ही फक्त तिला सांभाळणारे.

आणि त्या गर्दीत गुलाबतात्या हौदाच्या कडेला उकिडवे बसून तोबरा धूत होते. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची जाड कापडाची पिशवी. तिच्यात भिजवलेला हरभरा घालून देतात. तात्यांनी ती उलटी केली होती आणि शिवणीशिवणीतून बोट फिरवत होते.

"तात्या, तुमी कशाला?" मी म्हणाले.

"असू दे गं, कले. देवाचं जनावर. एवढी तरी सेवा घडू दे माज्या हातनं."

हेच तात्या आमच्या फाटकावरून जाताना धोतराचा सोगा नाकाला लावायचे. त्यांचं परसदार आणि आमचं अंगण पाठीला पाठ लावून होतं, मध्ये एक भिंत. भिंतीपलीकडे त्यांनी दुमजली घर बांधलं, फरशी घातली, आणि त्या दिवसापासून आमच्या घोड्या त्यांच्या डोळ्यांत सलायला लागल्या. लिदीचा वास येतो. माश्या जेवणावर बसतात. खिंकाळण्यानं दुपारची झोप मोडते. त्यांच्या म्हणण्यात खोटं काही नव्हतं. घोडं घरात पाळणं म्हणजे काय, ते पाळणाऱ्यालाच ठाऊक. तांबडं फुटायच्या आत लीद उचला, मुताचा चिखल झाडा, खुरातली घाण काढा, खरारा करा, कडबा तोडा, माश्यांना लिंबाच्या पाल्याचा धूर करा, आणि एवढं करून माणसाच्या कपड्यांचा वास काही जात नाही. शाळेत माझ्या शेजारी बाकावर कुणी बसत नसे. पण देवाची घोडी देवळाची घंटा ऐकू येईल एवढ्याच अंतरावर बांधायची, असा रिवाज होता. आबांनी ठाण मळ्यात हलवायला साफ नकार दिला होता. तात्यांच्या लेकीला बघायला पाहुणे आले आणि नाक मुरडून गेले, तेव्हापासून तर तात्या आबांशी बोलतही नव्हते.

तो माणूस आज आमच्या घोडीची लाळ बोटांनी खरवडत होता.

माणसं पांगल्यावर मी मोरीच्या तोंडाशी गेले. हौदाचं पाणी तिथूनच बाहेर जायचं. जाळीला हरभऱ्याची सालं अडकली होती आणि त्यांच्यात ठिपक्याठिपक्यांची, चकचकीत, ठेचलेली टरफलं. एरंडाच्या बिया; घोड्याला त्या विषच. मी ती पदरात घेऊन आबांकडे गेले.

आबांनी टरफलं तळहातावर घेतली, बराच वेळ बघितली आणि मुठीत मिटली.

"एरंड कुनाच्या बांधाला न्हाई?" ते म्हणाले. "ही घिऊन कुनाकडं जानार, कले? गुलाबरावच पंचांचा म्होरक्या."

"मग गप बसायचं?"

आबा गजराच्या पोरीकडे बघत होते. शेवरी दोन वर्षांची होती, अजून काळपट राखी रंगाची, आणि आईच्या रिकाम्या दाव्याला हुंगत होती.

पुढच्या रविवारी देवळात बैठक बसली. मी बायांच्या बाजूला खांबाआड उभी होते. तात्यांचा आवाज मऊ असायचा. माणसाला कापतानाही ते आवाज चढवत नसत.

"तुळशीराम आपलाच मानूस हाय," ते म्हणाले. "पर खरं ते बोलावं लागतं. नासका हरभरा घातला त्यानं घोडीला. जानून नसंल घातला, हयगय झाली आसंल. पर देवाची घोडी त्याच्या दारात मेली का न्हाई?"

"हरभरा चांगला व्हता," आबा म्हणाले.

"मग कशानं मेली?"

आबांची मूठ गुडघ्यावर घट्ट आवळलेली होती. मला वाटलं, आता उघडतील, आता टरफलं सगळ्यांपुढे टाकतील. त्यांनी मान खाली घातली.

"मला न्हाई सांगता यायचं," ते म्हणाले.

देवाची घोडी सांभाळायचा मान पंचांनी आमच्याकडून काढून घेतला. आमच्या घराण्यात कितीएक पिढ्या चालत आलेला मान एका बैठकीत गेला. त्यानंतर आबा देवळाची पायरी चढले नाहीत. बाजारात लोक त्यांच्याशी बोलत, पण जरा घाईनं. पोरंसोरं मागून 'घोडीमाऱ्या' म्हणत. आबा घरी येऊन शेवरीला खरारा करत बसत, एकाच जागेवर इतका वेळ की ती वैतागून पाय आपटे. मी ते रोज बघायची. तात्यांचं वाईट व्हावं असं मला वाटायचं, अगदी मनापासून. रोज देवाला हात जोडताना मी दुसरं काही मागितलंच नाही.

चंपाषष्ठीला आमच्या गावात खंडोबाची पालखी नदीवर आंघोळीला जाते. पुढे घोडी. तिच्यावर स्वार नाही, तिचा कासरा कुणी धरायचा नाही. ती मोकळी चालते आणि सांभाळणारा चार पावलं मागून. ती थांबेल तिथे पालखी थांबते. ज्याच्या दारात थांबली त्यानं बाहेर यायचं, भंडारा उधळायचा, नारळ फोडायचा. बहुतेक वेळा ती तेवढ्यानं पुढे निघते. नाही निघाली, तर त्या घरधन्यानं भंडारा हातात उचलून मनात जे दडलं असेल ते देवापुढे बोलायचं. बोलून झालं की सांभाळणाऱ्यानं पुढे व्हायचं; घोडी त्याच्यामागे निघाली तर देव राजी. माझ्या आजीनं हे एकदाच घडलेलं बघितलं होतं. आणखी एक नेम होता. आदल्या सांजेपासून पालखी परत येईपर्यंत घोडीला उपास. तिच्या तोंडाला कुणी काही लावायचं नाही.

त्या वर्षी तात्यांनी शहरातून लग्नाच्या वरातीतला घोडा भाड्यानं आणवला. दिसायला पांढराशुभ्र, कपाळावर झिरमिळ्या. ढोलावर पहिली टिपरी पडली आणि तो जागच्या जागी नाचायला लागला. पुढे जाईना, मागे हटेना. पुढचे पाय उचलून कंबर हलवायचा, कारण आयुष्यभर त्याला तेवढंच शिकवलेलं. पालखी तासभर देवळाच्या दारात. म्हातारे कपाळाला हात लावून बसले, पोरं शिट्ट्या मारायला लागली, आणि एकानं तर खिशातून नोट काढून घोड्यावरून ओवाळली. तात्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. कितीतरी महिन्यांनी मी पोट धरून हसले.

दुसऱ्याच दिवशी गुरव आमच्या घरी आला. "तुळशीरामा, पोरगी उजळायला लागलीय तुजी," तो शेवरीकडे बघून म्हणाला. राखी घोडं वयाबरोबर पांढरं होत जातं; शेवरीची मान आणि तोंड आत्ताच दुधाळ झालं होतं. "पुढच्या साली हीच चालंल पालखीम्होरं. गाव तसं म्हणतंय."

"गुलाबराव काय म्हंतोय?" आबांनी विचारलं.

"त्यो काय म्हननार? कालचा तमाशा त्येनंच आनलेला."

त्याच दिवशी माझ्या डोक्यात ती गोष्ट आली. मी ती कुणाला सांगितली नाही, आबांनाही नाही.

शेवरीला नदीवर पाण्याला नेणं माझं काम होतं. पहाटे उठून मी तिला पेठेच्या रस्त्यानं न्यायची, म्हणजे पालखीच्याच रस्त्यानं. तात्यांच्या घराचं पुढचं दार त्या रस्त्यावर होतं आणि दुमजली घरात ऊन वर येईपर्यंत कुणी उठत नसे. त्यांच्या दारापुढे मी थांबायची आणि कनवटीचा गुळाचा खडा शेवरीला द्यायची. बस, एवढंच. घोड्याला गूळ कुठे मिळाला ते ते जन्मात विसरत नाही. थोड्याच दिवसांत ती आपण होऊन त्या दारात थांबायला लागली. मग मी गूळ लगेच देईना. ती वाट बघायची, पुढचा पाय दगडावर आपटायची, मान लांब करून माझे हात हुंगायची. मी उभी. मग आणखी जास्त वेळ उभी. ती कंटाळून दोन पावलं पुढे गेली की गूळ नाही. थांबून राहिली की गूळ. कधी एखादी बाई घागर घेऊन यायची आणि विचारायची, "का गं, हितंच का हुबी?"

"खुरात खडा आडकलाय," मी म्हणायची आणि वाकून तिचा पाय उचलायची.

शेवरीला तिथून हलवायचा एकच मार्ग मी तिला शिकवला. मूठ वळून मी तिच्या पुढे चालू लागले की तिनं मुठीमागे यायचं. गूळ वळणावर मिळायचा.

घरात आई कुरकुरायची की गुळाला मुंग्या लागतात का माणसं लागतात कळत नाही. आबा तोबऱ्याला टाका घालत असायचे. ते मान वर करत नसत.

चंपाषष्ठी आली. शेवरीला हळद लावली, गळ्यात घुंगुरमाळ घातली. आबांनी नवं धोतर नेसलं होतं, पण घुंगुरमाळेची गाठ ते पुन्हापुन्हा तपासत होते. ही पोरगी बुजली, ढोलाला भ्याली, गर्दीत कुणाला लाथ मारली, तर मान परत मिळणं दूरच, आमचं गावात तोंड दाखवणंही अवघड झालं असतं. म्हणून मागून मी चालणार, असं ठरलं. ती माझं ऐकायची.

ढोल वाजला. शेवरीनं कान टवकारले, एकदा फुरफुरली आणि चालायला लागली. भंडाऱ्यानं रस्ता पिवळा झाला होता. "येळकोट येळकोट!" गर्दी ओरडत होती. ती पाटलांच्या दारावरून गेली, सोनारांच्या दारावरून गेली. गुलाबतात्यांच्या दारात आली आणि थांबली.

तात्या हौसेनं बाहेर आले. नवा फेटा, मागे त्यांची बायको पारूकाकू आरतीचं ताट घेऊन. त्यांनी मूठभर भंडारा उधळला, नारळ फोडला, हात जोडले. शेवरी उभी. त्यांनी परत भंडारा उधळला. तिनं पुढचा पाय उंबऱ्याच्या दगडावर आपटला, एकदा, मग पुन्हा. ढोलकऱ्यांचे हात मंदावले आणि थांबले. आदल्या सांजेपासूनची भुकेली होती ती. तिनं मान लांब केली आणि तात्यांचे हात हुंगायला लागली. एक हात, दुसरा हात, परत पहिला. तात्या मागे सरले तशी तीही पुढे झाली.

"हिला घ्या की कुनी म्हागं!" ते म्हणाले.

"आज हात न्हाई लावायचा तिला," गुरव म्हणाला. "तात्या, भंडारा उचला."

"कशापायी? माज्या मनात काय न्हाई."

"न्हाई तर न्हाई म्हना. भंडारा हातात घिऊन म्हना."

तात्यांनी ताटातला भंडारा घेतला. पिवळी पूड त्यांच्या बोटांतून गळत होती, आणि शेवरीचं नाक त्याच बोटांवर होतं, ज्या बोटांनी त्यांनी तिच्या आईचा तोबरा धुतला होता. मी चार पावलं मागे उभी होते. माझी मूठ मी वळली नाही.

"मी..." तात्या म्हणाले आणि अडले.

"सांगा," पारूकाकू मागून म्हणाल्या. आरतीचं ताट त्यांनी खाली ठेवलं. "सांगून मोकळं व्हा, न्हाईतर म्या सांगते."

तात्या दगडावर मटकन बसले. "एरंड ठेचून घातला व्हता म्या," ते म्हणाले. त्यांचा तो मऊ आवाज पार फाटला होता. "भिंतीवरनं उतरून. मरंल आसं नव्हतं वाटलं. आजारली म्हंजी ठान हालवतील, यवढंच... देवा, चुकलो."

कुणीतरी शिवी हासडली. कुणीतरी रडायला लागलं. मी आबांकडे पाहिलं. ते तात्यांकडे बघतच नव्हते. पालखीच्या दांडीला धरून ते स्वतःशीच म्हणत होते, "म्या न्हाई मारली. गजराला म्या न्हाई मारली." टरफलं स्वतःच्या हातात घेऊन बघितली होती, तरी इतके दिवस त्यांच्याही मनात कुठेतरी संशयाचा किडा होता, की आपलाच हरभरा नासला असेल. ते मला त्या क्षणी कळलं, आणि तात्यांचा मला जितका राग होता तो दुप्पट झाला.

मी पुढे गेले. मूठ वळली आणि नदीच्या वाटेनं चालू लागले. शेवरी निमूटपणे माझ्यामागे आली. मुठीत काहीच नव्हतं. वळणावर मी तिच्या कानाशी होऊन म्हटलं, "संध्याकाळी देते." मला आनंद झाला होता. सांगायला लाज कसली? इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नाही.

गावानं तात्यांना पंचांतून काढलं. आबांना हातांवर उचलून देवळात नेलं. गोष्ट तिथे संपायला हवी होती आणि माझ्यापुरती ती संपलीही होती. मी गूळ बंद केला. काही महिन्यांत शेवरी ते दार विसरली असती.

पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी आम्ही नदीवर निघालो, तर तात्या एवढ्या पहाटे दारात उभे. रात्रभर झोपले नसावेत. त्यांच्या हातात गुळाचा मोठा खडा होता.

"कले," ते म्हणाले, "घील का गं ती माज्या हातचं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. मग गुळाकडे.

"देवाची घोडी हाय, तात्या. दिऊन बघा."

शेवरीनं गूळ घेतला आणि त्यांचा हात चाटला. तात्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. "घेतला," ते म्हणाले. "राग गेला म्हनायचा देवाचा."

मी शेवरीला नदीकडे वळवलं. दुसऱ्या दिवशी ते परत दारात. तिसऱ्या दिवशीही. पाऊस असो, थंडी असो, ताप असो, गुळाचा खडा घेऊन तात्या दारात उभे. शेवरी आता लांबूनच पाय उचलायची.

पुढच्या चंपाषष्ठीला ती कुठे थांबली, ते सांगायला नको.

तात्या पांढरेफटक पडले. गुरव म्हणाला, "अजून काय ऱ्हायलंय, तात्या?" ते आधी शपथा घ्यायला लागले. शेवरी उभी. मी उभी. शेवटी त्यांनी भंडारा उचलला आणि धाकट्या भावाचा बांध रातोरात सरकवल्याचं सांगितलं. भाऊ पालखीपुढेच त्यांच्या अंगावर धावला. मग मी मूठ वळली. त्याच्या पुढच्या साली देवळाच्या बांधकामातलं लोखंड विकल्याचं निघालं. त्याच्या पुढच्या साली आणखी एक, बाईमाणसापुढे सांगण्याजोगं नसलेलं, आणि पारूकाकू माहेरी गेल्या त्या परत आल्या नाहीत. एकेका वर्षी तात्यांचं एकेक माणूस कमी होत गेलं. किती सांगितलं म्हणजे पुरे, हे ठरवणारी मूठ माझी होती. दरवर्षी ते पहिल्यापेक्षा जास्त गूळ आणायचे.

माझं लग्न झालं होतं. आबांना मुलगा नव्हता, म्हणून नवरा आमच्याच घरी राहायला आला आणि घोडीचं सगळं मी सोडलं नाही. एके दिवशी आबा ओट्यावर कासरा वळत बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, "घोडं गुळाला थांबतं, हे मला कुनी शिकवाय नको, कले."

माझ्या हातातला खरारा थांबला. "कवापास्नं ठावं हाय तुमाला?"

"पैल्या सालापास्नं. तुजी आई गुळावरनं वरडायची ना."

"मग तात्यांना सांगितलं का न्हाई?"

आबांनी कासऱ्याला पीळ भरला, गाठ मारली आणि दातांनी घट्ट ओढली. "मला कुटं कुनी इचारलं?" ते म्हणाले.

आबा गेले त्याच्या पुढच्या चंपाषष्ठीला तात्यांनी भंडारा उचलला आणि नुसतेच बघत राहिले. सांगायला काही उरलंच नव्हतं. कधीतरी कुणाच्या शेतातली कणसं मोडली होती, ते त्यांनी रडत रडत सांगितलं. लोक हसले. मी मूठ वळली, तीही जरा उशिरानंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते दारात होते. एकटेच, दुमजली घराला कुलूप लावल्यासारखी शांतता. शेवरी आता पार पांढरी झाली होती. ती नेहमीसारखी थांबली आणि त्यांच्या तळहातावरचा गूळ खाऊ लागली.

"कले," ते म्हणाले, "सगळं बोललो गं मी. आता काय सुदिक ऱ्हायलं न्हाई. तरी थांबती. आजून काय करू म्या, सांग की. तुला तिची भाषा कळती."

घोडी गूळ चावत होती. मी तिच्या आयाळीवरून हात फिरवला.

"मला न्हाई सांगता यायचं, तात्या," मी म्हणाले. "गूळ तेवढा चुकवू नका."